सोमवारचा डबा

पनवेलात करमरकर सरांना ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि ओळख झाल्यावर त्यांना पुन्हा भेटायची हौस असलेला त्याहून विरळा. दीनानाथ करमरकर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत, पण त्यांचा खरा विषय होता दुसऱ्याचं पोट. लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं जिलबी उचलली की सर त्याला ती किती उष्मांकांची आहे ते सांगत, आणि तो बिचारा जिलबी हातात धरून ऐकत असे. तोवर सरांच्या पानातल्या जिलब्या संपलेल्या असत.

त्यांची बायको शशिकला गावातल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि एकोणीस वर्षांत तिच्या नवऱ्यानं घरातला गॅस एकदाही पेटवला नव्हता. घरातली तूरडाळ संपली की आणायची शशिकलानं, आणि देशातली तूरडाळ संपत आली की काळजी करायची सरांनी, अशी कामाची वाटणी होती. देशाची काळजी आरामखुर्चीत बसून करता येत असल्यामुळे ती वाटणी सरांना मानवली होती. सुरुवातीला शशिकलाला या माणसाचा अभिमान वाटायचा. मग नुसती गंमत वाटू लागली. पुढं पुढं त्यांनी तोंड उघडलं की ती मनातल्या मनात शाळेच्या वह्या तपासायला लागायची.

सर उपासाचे मात्र पक्के. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सगळे सोमवार. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं केली त्यानं करमरकरांच्या घरी एक उपास काढलेला असावा. सोमवारी पहाटेच साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप, दाण्याचं कूट सढळ, बाजूला बटाट्याची भाजी, दुपारी रताळ्याचा कीस, आणि बाहेर जायचं असलं तर यातलं सगळं थोडं थोडं एका डब्यात. डबा भरायची शशिकला. तो उघडल्यावर आत काय असतं हे सरांना ठाऊक होतं. त्याच्या आधी काय काय होतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्र्याण्णव साली सरांच्या कानावर आलं की विद्यापीठात एक नवं पद निघणार आहे. अन्नसुरक्षा आणि पोषण धोरण या विषयाचं प्राध्यापकपद. नाव ऐकूनच सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आरशासमोर दाढी करताना ते नाव स्वतःच्या नावाखाली लावून म्हणून पाहायचे, आणि शशिकला स्वयंपाकघरात ते ऐकायची. सर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. कॉलेजातले त्यांच्या मागून आलेले दोघं पुढं निघून गेले होते, आणि ही गाडी चुकली तर पनवेलातच निवृत्त व्हायचं हे त्यांना दिसत होतं. पण अशा पदाला नुसतं बोलून भागत नाही, काहीतरी संशोधन दाखवावं लागतं. सरांचं आजवरचं संशोधन म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तेव्हा त्यांनी ठरवलं की गावोगाव जाऊन लोकांना काय खाता ते विचारायचं.

गावोगाव म्हणजे एकच गाव निघालं. जासईच्या पलीकडं, खाडीच्या काठाला एक कोळीवाडा होता. तिथला विठू म्हणून एक मच्छीमार कॉलेजच्या शिपायाच्या ओळखीतला, म्हणून ते गाव. सरांना कॉलेजात सोमवारी तास नसत, म्हणून सोमवार. आणि विद्यापीठाची जाहिरात दिवाळीच्या सुमारास निघणार, त्याआधी निबंध छापून यायला हवा, म्हणून लगेच. ते लगेच म्हणजे श्रावण होता.

आता पनवेलात राहणाऱ्याला श्रावण कळायला पंचांग लागत नाही. उरण नाक्यावरून चालत गेलं की कळतं. एरवी तिथल्या मासळी बाजारावरून जाताना सर नाकाला रुमाल लावायचे आणि श्वास कोंडून झपाझप निघायचे. श्रावणात रुमाल खिशातच राहायचा. ओटे रिकामे, कोळणी घरी, मांजरं हवालदिल. दरवर्षी एक महिना आपल्याला रुमाल का काढावा लागत नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या या माणसाला एकदाही पडला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा शिरलेला नव्हता, त्यामुळे श्रावण आला काय आणि गेला काय, ताटातला फरक एवढाच की कांदा-लसूण बंद.

तर सर सोमवारी पहाटे डबा घेऊन एसटीनं निघायचे आणि विठूच्या ओटीवर जाऊन बसायचे. विठूची बायको सोनाबाई मोठी तोंडाळ आणि तितकीच अगत्याची. ती शेजारणींना हाका मारून बोलावून आणायची. सर एकेकीला विचारायचे, काल दिवसभरात काय खाल्लं? बाया सांगायच्या, भात, वालाचं बिरडं, शेगलाची भाजी, कुरडूची भाजी, पुन्हा भात. सर विचारायचे, मासळी शेवटची कधी खाल्ली? त्यावर सोनाबाई हसून म्हणाली होती, "बरेच दिस झाले मास्तर, म्हावरा काय तोंडान नाय गेला." सरांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि मान हलवून दुःख व्यक्त केलं. मग दुपारी त्याच ओटीवर बसून त्यांनी आपला डबा उघडला. सोनाबाईनं जेवायला वाढू का विचारलं, तर सर म्हणाले, आज माझा सोमवार. हे सगळं सरांनी घरी येऊन स्वतःच कौतुकानं सांगितलं होतं. गरीब असून माणसं किती अगत्यशील, हा त्यांचा मुद्दा होता.

गौरी-गणपतीच्या आत सरांचं सर्वेक्षण आटोपलं. कोळीवाड्यात गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळी-मटणाचा, नैवेद्य दाखवतात आणि तिथून घरोघर पुन्हा चुलीवर कालवण शिजायला लागतं. सर पंधरवडाभर थांबते तर त्यांना त्या वासानं ओटीवर बसवलं नसतं. पण तोवर ते पनवेलला आरामखुर्चीत निष्कर्ष काढत होते. निष्कर्ष असा, की समुद्रातून मासळी काढणारे लोक स्वतः मासळी खातच नाहीत, धरलेलं सगळं विकून टाकतात, आणि म्हणून त्यांच्या अंगात प्रथिनांचा भयंकर तुटवडा आहे. निबंध इंग्रजीत छापून आला. एका वर्तमानपत्रानं त्याची बातमी केली, मच्छीमाराच्या ताटात मासा नाही. फोटोत सरांनी हनुवटीला हात लावला होता.

ती बातमी शशिकलानं शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचली. सगळ्या बायका वा वा करत होत्या. शशिकलाचं माहेर अलिबागचं, आणि अलिबागला घराच्या मागच्या दारी ठमाबाई कोळीण राहायची, जिच्या पोरींबरोबर ती लहानपणी सागरगोटे खेळली होती. तिनं बातमी दोनदा वाचली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही श्रावणातच गेला होतात ना?

सर म्हणाले, हो, मग?

"श्रावणात ती माणसं मासळी खात नाहीत. गौरी जेवल्या की सुरू करतात."

सरांनी कप खाली ठेवला. शशिकलाला वाटलं, आता हा माणूस कपाळाला हात लावेल, उद्या संपादकाला कळवेल, चार दिवस चिडचिड करेल आणि मग होईल ठीक. तिनं बशीत सांडलेला चहा पुसायला फडकंही आणलं. पण सर अगदी शांतपणे म्हणाले, "निवड समितीत सगळे आपल्यासारखेच आहेत. हे तिथं कुणाला ठाऊक असणार?"

मूर्खपणाची शशिकलाला सवय होती. मूर्ख माणसाबरोबर संसार करता येतो, पुष्कळ बायका करतात. पण हे निराळं होतं. नकळत झालेली चूक आता या माणसानं समजून-उमजून पदरात बांधली होती, आणि वर चहा पुन्हा गरम करून मागितला. तिनं दिला. त्या दिवसापासून तिला त्यांच्या दाढी करतानाच्या आवाजाचाही तिटकारा येऊ लागला.

मात्र तीही काही बोलली नाही, आणि याचं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. पद मिळालं की विद्यापीठाच्या आवारात राहायला घर मिळतं. पनवेलला उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं, तेही पहाटे, आणि एकोणीस वर्षं ती कळशा भरत होती. त्या आवारातल्या घरांत नळाला दिवसभर पाणी असतं, हे तिनं दोन बायकांना विचारून पक्कं करून घेतलं होतं. नवऱ्याच्या खोटेपणाचा तिला राग होता आणि त्या नळाची आस होती, आणि दोन्ही एकाच वेळी असल्यामुळे तिला स्वतःचाही राग येत होता.

दिवाळीनंतर विश्वजीत नावाचा एक गुळगुळीत तरुण मोटारीतून घरी आला. एका कंटेनरच्या कंपनीत तो जनसंपर्क का काय ते पाहायचा. पेढ्यांचा खोका पुढं करून त्यानं सरांच्या निबंधातली वाक्यं पाठ म्हणून दाखवली. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून पंखा लावला. मग हळूहळू मूळ गोष्ट बाहेर आली. विद्यापीठातल्या त्या नव्या पदासाठी पैसा त्याच्या कंपनीचे संचालक देणार होते, आपल्या कैलासवासी वडिलांच्या नावानं. जाहिरात जरा लांबली आहे, पण निघेल, मुलाखतही होईल, पण देणगी देणाऱ्याच्या शब्दाला मान असतोच. संचालकांच्या मनात करमरकर सरच होते. फक्त एक छोटंसं काम होतं.

जासईकडं कंपनीला कंटेनर ठेवायला आणखी जागा हवी होती. खाडीकाठची एक मोकळी जागा सोयीची होती, पण कोळीवाड्यातल्या बायका तिथं मासळी वाळवत आणि जागा सोडायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं असं, की पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा हीच सुकी मासळी आमच्या पोटात जाते. आता त्यावर सरकारी अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. सरांनी फक्त तिथं येऊन आपलं संशोधन सांगायचं. या लोकांच्या खाण्यात मासळी नाहीच, वाळवतात ती विकायला, हे शास्त्रानं सिद्ध झालं आहे एवढंच. विक्रीचं नुकसान कंपनी भरून द्यायला तयार होती.

शशिकला पडद्याआड पोहे परतत ऐकत होती. सरांनी विचार करायला एक दिवसही मागितला नाही. संशोधकाचं कर्तव्यच आहे ते, असं म्हणाले, आणि पाहुण्याच्या बशीतला पेढा चुकून आपल्याच तोंडात टाकला.

सुनावणी माघात झाली, त्याच गावच्या शाळेत. कंपनीची मोटार दारात आली आणि विश्वजीतनं वहिनींनाही आग्रह केला, कारण नंतर संचालकांकडं जेवण होतं. शशिकलानं ठेवणीतली साडी नेसली. गाडीत बसल्यावर सर तिला म्हणाले, तिथं तू कुणाशी फार बोलू नकोस. तिनं काचेबाहेर पाहिलं. कंटेनरांच्या थप्प्या मागं पडत होत्या आणि खाडीचा वारा आत यायला लागला होता.

गाडीतून उतरल्याबरोबर सरांनी रुमाल काढला. शाळेला लागूनच मासळी वाळवायचं ते खळं होतं. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले, खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला, आणि राखण करणाऱ्या दोन म्हाताऱ्या कावळे हाकत होत्या. अख्ख्या गावाच्या चार महिन्यांच्या कोरड्यासाची बेगमी उन्हात पडली होती. डोळे मिटलेल्या माणसालाही नाकानं कळली असती. सरांनी नाकच झाकून घेतलं.

शाळेच्या पडवीत एक ठसठशीत बाई शशिकलापाशी आली आणि तिच्या हाताला धरून म्हणाली, "तुमी मास्तरांच्या बायको ना? मी सोनाबाय. तुमच्या हातची खिचडी खाल्लेय मी. आमचे वटीवर मास्तरांनी डबा उघडला, उरलेली माना दिली." तिनं खिचडीची तारीफ केली, तूप जास्त होतं म्हणाली, आणि तुमी एकदा म्हावरा सोडून काय ते खायला या, असं आमंत्रणही देऊन टाकलं. एवढ्या वर्षांत शशिकलाच्या स्वयंपाकाला कुणी असं तोंड भरून चांगलं म्हटलं नव्हतं. तिच्या हाताला सोनाबाईच्या हाताचा मासळीचा वास लागला आणि तिनं तो पुसला नाही.

आत वर्गात सुनावणीला बसलेला अधिकारी थकलेला आणि सभ्य होता. त्यानं बायकांचं ऐकून घेतलं. मग विश्वजीत उठला आणि त्यानं सरांची अशी काही ओळख करून दिली की स्वतः सरांनाही थोडा संशय यावा. सर बोलायला उभे राहिले. शास्त्र, प्रथिनं, दरडोई, राष्ट्रीय पातळी, असे शब्द शाळेच्या कौलांपर्यंत गेले आणि तिथंच राहिले. बायका टकामका बघत होत्या. सर काय म्हणताहेत ते विठूला प्रथम कळलं, कारण शेवटी एक वाक्य साध्या मराठीत आलं. या समाजाच्या आहारात मासळी नाही असं आम्हाला आढळलं आहे.

विठूनं ते शेजारच्या बायकांना समजावून सांगितलं. मग बायकांत कुजबुज सुरू झाली आणि कुणीतरी खुदकन हसलं. अधिकाऱ्यानं खिडकीतून बोंबलांकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, आणि विचारलं की ही पाहणी आपण कोणत्या महिन्यात केलीत?

सर म्हणाले, पावसाळी हंगामात.

महिना कोणता, त्यानं पुन्हा विचारलं.

सर म्हणाले, आता नेमकं आठवत नाही.

तेव्हा सोनाबाई उठली. ती रागावलेली नव्हती. उलट मास्तर विसरले असतील, त्यांना आठवण करून द्यावी, अशा भावानं ती बोलली. "मास्तर, सरावन व्हता ना. तुमचा बी सोमवार व्हता. आमचे वटीवर बसून तुमी उपासाचा खाल्लाव. आमी सरावनान म्हावरा खात नाय, ता तुमाला काय सांगाचा? आमाला वाटला, तुमी बी पाळता, तर तुमाला ठावंच हाय."

बायका मोठ्यानं हसल्या. हसू थांबेना. सरांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग कोरा झाला. हाच तो क्षण होता. चुकलो म्हणून बसले असते तर त्या बायकांनीच त्यांना चहा पाजून परत पाठवलं असतं. पण सरांनी खिशातला रुमाल काढून ओठ पुसले आणि अधिकाऱ्याकडं वळून म्हणाले, "या बाईंना मी ओळखत नाही. कुणीतरी पढवून उभं केलेलं दिसतंय. अशिक्षित माणसं आहेत, मी त्यांना दोष देत नाही."

सोनाबाई उभीच राहिली. तिच्या तोंडावरचं हसू विझलं. ती वळून शशिकलाकडं बघायला लागली.

शशिकलाला त्या घडीला नळाची आठवण आली, हे खरं आहे. तोटी फिरवली की धो धो येणारं पाणी तिला स्पष्ट दिसलं. शेजारी विश्वजीत तिच्याकडं बघून हळूच मान हलवत होता, नको म्हणून. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या माणसाच्या रुमालाला तिनंच सकाळी इस्त्री केली होती. तिला त्याची इतकी किळस आली की बसून राहणं अशक्य झालं.

"डबा मी भरून दिला होता," ती उभी राहून म्हणाली. "श्रावणी सोमवार होता. एक नाही, लागोपाठ सगळे. ही बाई खरं बोलते आहे आणि माझे यजमान हिला ओळखतात."

अधिकाऱ्यानं पेन टेबलावर ठेवलं आणि पुन्हा उचलून काहीतरी लिहिलं. सरांनी शशी, असं म्हटलं. सर खाली बसले. बसताना त्यांच्या वाट्याला वर्गातला छोटा बाक आला आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

परतताना कंपनीची मोटार दिसली नाही. विश्वजीतनं जाता जाता सांगितलं होतं की गाडी साहेबांना लागणार आहे. जेवणाचा विषय निघाला नाही. नवराबायको जासईपर्यंत टेम्पोतून आले, तिथं एसटीची वाट बघत उभे राहिले. अख्ख्या वाटेत सर एवढंच बोलले की तू माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस. सोनाबाईनं निघताना शशिकलाच्या पिशवीत दोन नारळ घातले होते, ते ती मांडीवर सांभाळत होती.

पुढं जे व्हायचं तेच झालं. खळ्याची जागा तूर्त वगळावी असा शेरा पडला. संचालकांचा वडिलांवरचा जिव्हाळा अचानक ओसरला आणि देणगी एका देवळाच्या सभामंडपाला गेली. पैसाच नाही म्हटल्यावर विद्यापीठानं ते पद निघालंच नव्हतं असं धरून चालायचं ठरवलं. अन्नसुरक्षा जिथल्या तिथं राहिली. सर पनवेलात राहिले. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण कॉलेजच्या शिपायापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे त्यांना माघारी सोमवारचे सर म्हणू लागले. सरांना ते समजलं तेव्हा त्यांना वाटलं, आपल्या उपासाचा लोकांना आदर आहे.

चूक कबूल केली का, तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पाहुण्यांसमोर ते सांगत, की ग्रामीण समाज वैज्ञानिक सत्य पचवू शकत नाही, आणि स्वतःच्या घरातही तीच गत. शशिकला चहाचे कप उचलून निघून जायची. पहाटे उठून ती पूर्वीसारखीच कळशा भरत होती. कळशी जड लागायची, आणि तरी त्या दिवशी आपण उठून बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं तिला एकदाही वाटलं नाही. नवऱ्याशी ती फारसं बोलेनाशी झाली. लागेल ते त्यांनी विचारावं आणि असेल ते तिनं सांगावं, असा घरचा नेम झाला.

वर्ष फिरून श्रावण आला. पहिल्या सोमवारी सर आंघोळ करून, कपाळाला गंध लावून पाटावर येऊन बसले. त्या वर्षी सोमवारी त्यांना सकाळचे तास होते. समोर ताट नव्हतं. गॅसवर काही नव्हतं. शशिकला शाळेत जायला तयार होऊन पायात चपला घालत होती.

सरांनी विचारलं, खिचडी?

ती म्हणाली, केली नाही. तुम्ही सांगितलं नाहीत.

सर म्हणाले, आज सोमवार आहे हे सांगायला हवं का? मग घड्याळाकडं बघून त्यांनी मोठ्या मनानं मार्ग काढला. "बरं, आता टाक. साबुदाणा आहे ना डब्यात? दहा मिनिटांत होईल."

शशिकला दारात थांबली. तिनं वळून त्या माणसाकडं नीट पाहिलं. देशाला काय खायला घालावं हे सांगायला निघालेला माणूस, आणि जे स्वतः दर सोमवारी दोन वाट्या भरून खातो ते कसं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

"साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालावा लागतो," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन शाळेला गेली.

करमरकर सरांनी त्या दिवशी आयुष्यातला पहिला खरा उपास केला.